चौथ्या क्रमांकाची उडी

फ्रीस्टाइल स्कीइंग या खेळाच्या नावातच मोकळीक आणि शैली हे दोन्ही शब्द आहेत. तरीही त्याचा इतिहास हा बराचसा नियमपुस्तकाशी चाललेल्या भांडणाचा इतिहास आहे. १९६० आणि ७० च्या दशकांत अमेरिकेतल्या उतारांवर ‘हॉटडॉगिंग’ नावाचा जो धांगडधिंगा रंगला, त्याला १९७९ मध्ये आंतरराष्ट्रीय स्की महासंघाने मान्यता दिली. मान्यता आली म्हणजे ओघाने गुणपत्रकही आले.

मी स्वतः स्कीवर कधी उभा राहिलेलो नाही. बर्फाशी माझा संबंध पडद्यापुरताच. पण एकाच उतारावरून, एकाच नियमाखाली उतरणारी दोन माणसे इतकी निराळी कशी दिसतात, या कुतूहलापोटी हा खेळ मी वर्षानुवर्षे पाहत आलो आहे. आणि या संदर्भात मला हटकून आठवतो तो जॉनी मोसली.

मोगल्स हा प्रकार म्हणजे बर्फाच्या उंचवट्यांनी खच्चून भरलेला उतार आणि वाटेत दोन उड्या. १९९८ मध्ये नागानोला मोसलीने हवेत एक गिरकी घेता घेता हाताने स्की पकडली आणि सुवर्णपदक मिळवले. स्की पकडणे, म्हणजे ‘ग्रॅब’, हा तेव्हा मोगल्सच्या शिस्तीतला प्रकार नव्हता. तो त्याने बाहेरच्या उनाड पोरांच्या खेळातून आत आणला होता. चार वर्षांनी सॉल्ट लेक सिटीत त्याने ‘डिनर रोल’ नावाची उडी घेतली. डोक्यावर पाय जाणारी उडी तेव्हा मोगल्समध्ये निषिद्ध होती. त्याने नियम मोडला नाही, फक्त अगदी काठापर्यंत नेला: अंग हवेत जवळजवळ आडवे टाकून दोन गिरक्या घेतल्या. लोकांना ती उडी लक्षात राहिली. सुवर्णपदक फिनलंडच्या यान्ने लाहतेलाला मिळाले आणि मोसली चौथा आला.

परीक्षकांवर चिडण्यात अर्थ नाही. मोगल्समध्ये सर्वाधिक गुण असतात ते वळणांना (आज तर ६० टक्के). उडी आणि वेग यांच्या वाट्याला उरलेले येतात. त्या हिशेबाने निकाल बरोबरच असणार. मी काही वर्षे शालेय वक्तृत्व स्पर्धांचा परीक्षक म्हणून बसलो आहे. आमच्या तक्त्यातही ‘शैली’ नावाचा दहा गुणांचा रकाना असे. व्यवहारात त्यात स्पष्ट उच्चार आणि ठरावीक हातवारे यांचे गुण पडत. एखादी मुलगी स्वतःच्या बोलीत, स्वतःच्या लयीत अडखळत बोलली की तिघाही परीक्षकांच्या माना वर होत आणि तरी त्या रकान्यात सहाच गुण पडत. त्या मुलीला वर आणण्याची सोय तक्त्यात कुठेच नव्हती.

बरे, शैलीलाच खेळ बनवले तर? तेही करून झाले. ‘स्की बॅले’ म्हणून एक प्रकार होता: संगीताच्या साथीने, काठ्यांवर कोलांट्या घेत उतरायचे. १९८८ आणि १९९२ च्या ऑलिंपिकमध्ये तो प्रदर्शनापुरता आला, त्यात अधिकृत पदक कधी दिले गेले नाही, आणि २००० च्या सुमारास त्याच्या अधिकृत स्पर्धाच बंद पडल्या.

मोकळीक मिळाली ती निराळ्याच वाटेने. मोगल्सच्या नियमांना विटलेल्या काही कॅनेडियन तरुणांनी स्नोबोर्डवाल्यांच्या मैदानात घुसखोरी केली. त्यांच्या सांगण्यावरून सालोमन कंपनीने दोन्ही टोके वर वळलेली ‘टेनएटी’ ही स्की १९९८ च्या सुमारास बाजारात आणली. मागचे टोक वळलेले असल्याने पाठमोरे उतरणे सोपे झाले. साधन बदलताच देहबोली बदलली. त्या तरुणांपैकी एक होता जे. पी. ऑक्लेअर.

अर्थात गुणपत्रक याही मैदानात येऊन पोहोचले. २०१४ मध्ये सोचीला स्लोपस्टाइल ऑलिंपिकमध्ये दाखल झाले आणि गिरक्यांची चढाओढ वाढत गेली. माझ्या मते शैली राहते ती हवेतल्या उरलेल्या वेळात. गिरकी पुरी झाली, जमीन अजून दूर आहे, तेवढ्यात हा माणूस काय करतो? चौथी गिरकी त्या उरलेल्या वेळात कोंबली की गुण वाढतात, पण ढब दाखवायला जागा उरत नाही. अपवाद आहेत. स्वीडनच्या हेन्रिक हार्लाउटने २०१३ मध्ये ॲस्पेनच्या एक्स गेम्समध्ये साडेचार गिरक्यांची, तीनदा कलंडणारी उडी घेतली. पण ती उसळीच्या कडेवर स्कीची टोके दाबून, जणू लोणी फासत सुरू केली. ढगळ कपड्यांतला तो आळसावलेला आरंभ दुसऱ्या कुणाचा असूच शकला नसता. तिथे त्याने सुवर्णपदकही जिंकले, हे प्रामाणिकपणे नोंदवायला हवे.

ऑक्लेअर मात्र हळूहळू स्पर्धांपासून दूर गेला. २०११ च्या ‘ऑल. आय. कॅन.’ या चित्रपटात तो ब्रिटिश कोलंबियातल्या एका साध्या वस्तीतून स्की करत जातो. डोंगर नाही, मैदान नाही. जिने, कठडे, घरांमधल्या बोळांसारख्या वाटा. गिरक्या मोजाव्यात असे त्यात फारसे काही नाही. गुडघे किंचित सैल, खांदे शांत, आणि पुढचा कठडा कुठे आहे हे त्याला फार आधीपासून ठाऊक असल्यासारखी चाल. २०१४ मध्ये पॅटागोनियात हिमप्रपाताखाली तो गेला, तेव्हा ३७ वर्षांचा होता. ती चार-पाच मिनिटे मी अधूनमधून लावतो. चेहरा टोपीखाली नीट दिसत नाही, पण त्याच्या चालीवरून तो ओळखू येतो.