गाढव होण्याचा हक्क

पत्त्यांच्या खेळांत 'गाढव' हा सगळ्यात कमी अकलेचा खेळ. मेंढीकोटला हिशेब लागतो, रमीला आठवण लागते. गाढवाला फक्त डोळे आणि हात लागतात. ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो. जितके भिडू, तितक्या प्रकारची चार-चार पानं घ्यायची. आम्ही पाच जण होतो, म्हणून चार एक्के, चार राजे, चार राण्या, चार गुलाम आणि चार दश्श्या. वीस पानं पिसून प्रत्येकाला चार वाटायची. मग कुणीतरी 'चल' म्हणतो आणि प्रत्येक जण आपल्याला नको असलेलं एक पान उजवीकडच्याला सरकवतो, डावीकडून आलेलं उचलतो. पुन्हा 'चल', पुन्हा पान. वेग वाढत जातो. ज्याच्या हातात चारही पानं सारखी झाली, त्यानं चकार शब्द न काढता हात मध्ये टाकायचा. तो दिसला की बाकीच्यांनी त्यावर धडाधड हात टाकायचे. ज्याचा हात सगळ्यात शेवटी पडला, त्याला एक अक्षर. आधी 'गा', मग 'ढ', मग 'व'. तीन अक्षरं पुरी झाली की तो गाढव. त्यानं गॅलरीत जाऊन रस्त्याकडे तोंड करून तीनदा ओरडायचं.

आमचा अड्डा कराडला, सोमवार पेठेतल्या एका माडीवर होता. माडी मास्तरची. म्हणजे त्याचे वडील मास्तर होते, पण नाव चिकटलं ते पोराला. बाकी पेंटर, डबल आणि बंडू. मला सगळे 'मौलवी' म्हणत. कारण मगरिबची अजान झाली की मी हातातली पानं तशीच टाकून पळायचो. त्यांना वाटायचं मी नमाजला चाललो. खरं कारण असं होतं की त्याच वेळी अब्बा दुकान बंद करून घरी येत, आणि आमच्या घरात पत्त्यांना बंदी होती.

अम्मीचं एकच वाक्य असायचं, "घर में पत्ते नक्को." बरकत जाते, फरिश्ते येत नाहीत, असं दादी सांगायची. तुमच्यापैकी अनेकांच्या घरी हेच ऐकू आलं असेल. सूरह माइदाच्या नव्वदाव्या आयतीत दारूबरोबर जुगाराला मनाई आहे, आणि आमच्या मोहल्ल्यात पत्ते म्हणजे जुगार हे समीकरण पक्कं होतं. पैसे लावून खेळणं हराम, याबद्दल कुणाचं दुमत नाही. बिनपैशाच्या खेळाबद्दल उलेमांमध्ये मतभेद आहेत. पण असले बारकावे सातवीतल्या पोराला कोण विचारतो? एकदा अब्बा मला शोधत थेट माडीवर आले. आम्ही पाचही जण गारठलो. त्यांनी मधल्या ढिगाकडे बघून विचारलं, "पैसा कितना लगाया?" मी म्हटलं, "कुछ नहीं अब्बा. हारे तो गधा बनते." अब्बा थोडा वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "गधा बनने कू पत्ते कायको होना?" आणि जिना उतरून गेले. ती परवानगी होती की नाही, हे मी त्यांना कधीच विचारलं नाही. खेळत राहिलो.

पुष्कळ वर्षांनी वाचनात आलं की इस्तंबूलच्या तोपकापी संग्रहालयात मम्लूक काळातला पत्त्यांचा कॅट आहे. चषक, नाणी, तलवारी आणि पोलोच्या काठ्या असे त्याचे चार रंग. त्यात मलिक आहे, नायब आहे, दुय्यम नायब आहे, पण माणसाचं चित्र एकही नाही. नुसती वेलबुट्टी आणि अक्षरं. चौदाव्या शतकात पत्ते युरोपात पोचले ते याच वाटेनं, असं अभ्यासक मानतात. स्पॅनिशमध्ये पत्त्यांना आजही नाइपेस म्हणतात, ते 'नायब'वरून आलं असं सांगतात. आपल्याकडच्या नायब तहसीलदारातला तोच नायब! आणि बाबरानं आपल्या आठवणींत गंजिफा भेट पाठवल्याची नोंद केली आहे. त्याच गंजिफाची गोल पानं सावंतवाडीच्या राजवाड्यात अजून रंगवली जातात, त्यावर आता दशावतार असतात. हे कळलं तेव्हा अब्बांना सांगावंसं वाटलं. ते तेव्हा नव्हते.

असो. सांगायचं आहे ते वेगळंच.

१९९२ साली मी पुण्याला कॉलेजात होतो. ६ डिसेंबरला बाबरी मशीद पाडली गेली. मुंबईत डिसेंबरमध्ये दंगल झाली आणि जानेवारीत पुन्हा झाली. श्रीकृष्ण आयोगानं नंतर दोन्ही वेळचे मिळून ९०० मृत्यू नोंदवले. आमची मुंबईची खाला पंधरा दिवस शेजाऱ्यांच्या घरात होती. त्या काळात मोबाईल नव्हते. तिचा निरोप येईपर्यंत अम्मी जेवायची नाही, म्हणून मी कराडला येऊन राहिलो. आमच्या आळीत काही झालं नाही. दगड पडला नाही, कुणी काही बोललं नाही. फक्त चहाच्या टपरीवर मी गेलो की चाललेलं बोलणं थांबायचं आणि उसाच्या भावावर सुरू व्हायचं.

संक्रांतीच्या संध्याकाळी बंडू घरी बोलवायला आला. "चल, सगळे जमलोय." मी गेलो. मास्तरच्या आईनं, काकूंनी, दारातच तिळगूळ हातावर ठेवला आणि नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ माझा हात धरून ठेवला. पत्ते पिसले गेले. पाच-सहा डाव झाले असतील. त्यात मी एकदाही गाढव झालो नाही. गाढव जाऊ दे, मला 'गा'सुद्धा मिळाला नाही.

पहिल्यांदा वाटलं, आज नशीब जोरावर आहे. मग लक्ष गेलं. डबलचा हात मध्ये पडला की पेंटरचा हात हवेत थांबत होता. अर्ध्या क्षणापुरता, पण थांबत होता. माझा हात खाली गेला की मग तो पडत होता. हात टाकायला माणसाला साधारण पाव सेकंद लागतो, आणि दहा वर्षं एकमेकांशी खेळलेल्यांना त्या पाव सेकंदातली लबाडी लगेच कळते. एरवी ही लबाडी हरवण्यासाठी असायची. त्या दिवशी ती मला वाचवण्यासाठी होती. आणि आणखी एक गोष्ट. संध्याकाळभरात मला कुणीही मौलवी म्हणालं नाही. 'भाई' म्हणत होते. "भाई, पान घे." "भाई, चहा घेणार ना?" सण गोड बोलण्याचा होता, त्यामुळे तक्रार तरी काय करणार?

मगरिबची अजान झाली. मी उठलो. दुसऱ्या दिवशी पुण्याची गाडी पकडली आणि त्यानंतर मी त्या माडीवर पत्ते खेळलो नाही.

मैत्री तुटली असं नाही. एकमेकांच्या लग्नांना गेलो, मयतींना गेलो. ईदला ते येत, दिवाळीला मी जाई. फोन होत. पण मी कायमचा 'भाई' झालो होतो. वाईट शब्द नाही तो. तरी दर वेळी ऐकताना हवेत थांबलेला तो हात आठवायचा. शिवी दिली असती तर भांडता आलं असतं. कुणी आपल्याला जिंकू दिलं, याबद्दल भांडायचं कसं? त्या वर्षांत मी पुष्कळ सभांमध्ये सौहार्दावर बोललो. तिथेही लोक माझ्याशी फार जपून बोलत. आमच्याविषयी काळजी वाटणारी माणसं मला खूप भेटली. मला गाढव म्हणणारी कमी होत गेली.

चार वर्षांपूर्वी मास्तरला पार्किन्सन निघाला. उजवा हात थरथरतो, चाल आखूड झाली, चेहऱ्यावर हसू उमटायला वेळ लागतो. गेल्या रमजान ईदला मी शिरखुर्म्याचा डबा घेऊन त्याच्याकडे गेलो, तर बाकीचे तिघे आधीच येऊन बसलेले. डब्याचं झाकण उघडलं, वाट्या झाल्या. मास्तरनं त्याची वाटी दोन्ही हातांनी धरली, तरी थोडं सांडलं. वहिनींनी न बोलता पुसलं. आम्ही चौघांनी नजरा खिडकीकडे वळवल्या. मग मास्तरच म्हणाला, "पत्ते काढा."

त्याला चार पानं हातात पंख्यासारखी धरता येत नव्हती. मांडीवर उशी घेतली, तिच्यावर टॉवेलची घडी, आणि त्या घडीत पानं खोचली. खेळ सुरू झाला. 'चल.' 'चल.' पेंटरचे चार राजे झाले, त्यानं हात टाकला. बंडूचा पडला, डबलचा पडला. माझा हात हवेत होता. मास्तरचा थरथरत आला, आणि मग मी माझा त्यावर ठेवला.

"गा," मी हसून म्हटलं. दुसऱ्या डावाला पुन्हा तसंच. "ढ." तिसऱ्या डावाला मास्तरनं आपला हात ढिगावर ठेवलाच नाही. माझ्या हातासारखाच हवेत धरला आणि माझ्याकडे बघत राहिला. दोघांचे हात वर. त्याचा थरथरत होता, माझा अगदी स्थिर.

"टाक की," मी म्हटलं.

"आधी तू टाक."

कुणी काही बोलेना. मास्तरचा आवाज आता बारीक झाला आहे, त्यामुळे ऐकायला पुढे वाकावं लागतं. तो म्हणाला, "संक्रांतीला आम्ही तुला दिली होती तसली सूट मला देऊ नकोस."

बत्तीस वर्षं मला वाटत होतं की ती गोष्ट फक्त मला माहीत आहे.

पेंटर खाली बघू लागला. डबल म्हणाला, "आम्ही जिन्यात ठरवलं होतं रे. तू यायच्या आधी." मी विचारलं, "का?" उत्तर द्यायला कुणाकडे नीट शब्द नव्हते. शेवटी बंडू बोलला. "भ्या वाटत होतं. तू हरलास आन् उठून गेलास, तर परत येतोय का न्हाई, म्हणून." मास्तर म्हणाला, "आणि तू जिंकलास, तरी परत आला नाहीस."

मी एवढी वर्षं त्या थांबलेल्या हाताचा अर्थ 'तू आमच्यातला नाहीस' असा लावला होता. त्यांच्या मनात होतं, 'तू जाऊ नकोस.' दोन्ही खरं होतं असं आता वाटतं. भीतीपोटी ते जपत होते, आणि त्या जपण्यानंच मी लांब गेलो. आणि आज माझा हात हवेत थांबला होता तो कशानं? मलाही तीच भीती होती. मास्तर हरला, त्याच्या मनाला लागलं, तर तो पुन्हा पत्ते काढणार नाही. मी त्याच्याशी तेच केलं, जे माझ्याशी झालेलं मला विसरता येत नव्हतं. फरक इतकाच, की त्यानं तोंडावर सांगितलं. मला एकोणिसाव्या वर्षी ते जमलं नव्हतं.

"पहिल्यापासून," मास्तर म्हणाला. बंडूनं पानं पिसली.

मग खेळ खरा झाला. मास्तरला पहिल्या फेरीतच 'गा' आणि 'ढ' मिळाले. पण आम्हाला वाटलं होतं तितका तो मंद नव्हता. दुसऱ्याचा हात पडताना दिसला, की त्याचा हात एकदम सुटायचा, कधी कधी डबलच्या आधी. वहिनी म्हणाल्या, डॉक्टरांनी हे सांगितलं आहे. या आजारात स्वतःहून हालचाल सुरू करणं अवघड जातं, पण समोरून इशारा आला तर काहींना ते सोपं होतं. म्हणून घरात फरशीवर त्यांनी रंगीत पट्ट्या चिकटवल्या आहेत. चालताना पाय अडला, की तो पट्टी बघून पाऊल टाकतो.

एका डावात खूप वेळ कुणाचंच जुळेना. 'चल', 'चल', 'चल.' मास्तर अडकल्यासारखा बसला होता, पानही पुढे सरकवेना. डबल ओरडला, "आरं पान टाक की लका!" मास्तर शांतपणे म्हणाला, "माझ्याकडं चार राण्या आहेत, गाढवांनो. हात निघंना."

क्षणभर शांतता झाली, आणि मग पेंटर जो हसायला लागला तो थांबेना. मास्तरच्या चेहऱ्यावर हसू उशिरा आलं, पण आलं. त्याच्या खांद्याला कंप होता तो आजाराचा की हसण्याचा, कळत नव्हतं. बंडू म्हणाला, हा डाव मास्तरचा धरूया. मास्तर म्हणाला, "धरायचं नाही. चार राण्या बोलून दाखवल्या. मुकाट्यानं हात टाकायचा, हा नियम आहे." पानं पुन्हा पिसली गेली.

पुढच्या डावात तो गाढव झाला. आम्ही त्याला धरून गॅलरीत नेलं. आवाज रस्त्यापर्यंत पोचला नाही, म्हणून तो तीनदाऐवजी पाचदा ओरडला. खालून जाणाऱ्या एका पोरानं वर पाहिलं.

परत येऊन बसलो. मनोऱ्यांच्या मशिदीकडून असरची अजान ऐकू आली. सवयीनं माझी नजर घड्याळाकडे गेली आणि त्याच वेळी कुणाचा तरी हात मध्ये पडला. माझा सगळ्यात शेवटी. या वेळी खरोखरच शेवटी.

"मौलवी," मास्तर म्हणाला, "गा."