गिअरला प्ले आहे!

तर मंडळी, तीन वीकेंड एकाच प्रश्नात गेले. माउंट कुठलं घ्यायचं?

माउंट म्हणजे दुर्बीण ज्यावर बसते आणि ताऱ्यांच्या मागे फिरते ते यंत्र. पृथ्वी फिरते, त्यामुळे तारे दर दोन मिनिटांत साधारण चंद्राच्या रुंदीएवढे सरकतात. मी शहाण्याने सगळे पैसे दुर्बीण आणि कॅमेऱ्यात घातले आणि माउंट घेतलं स्वस्तातलं. परिणाम? मृग नक्षत्रातल्या तेजोमेघाचा फोटो काढला, तर तारे आले शेवयांसारखे!

आमचे तीर्थरूप सातपूरला तीस वर्षं टर्नर होते. फोटो बघून म्हणाले, "गिअरला प्ले आहे. पाया सोडून कळसाला पैसे घातलेस."

आता शेवटी उरली दोन. एक ईक्यू६-आर. १८० दात्यांचं चाक, वर्म गिअर, वीस किलो पेलतं. पण स्वतःच सतरा किलोंचं, वर काउंटरवेट आणि ट्रायपॉड. दुसरं एएम५. पाच किलोंचं, काउंटरवेटशिवाय तेरा किलो पेलणारं. त्याच्या स्ट्रेन वेव्ह गिअरमध्ये प्ले जवळजवळ नाही, पण दर फेऱ्यात थोडं पुढेमागे होतं. म्हणून शेजारी छोटा गाइड कॅमेरा लावायचा, तो एक तारा धरून माउंटला सारखं सावरत राहतो.

बाबांना हे पटेना. "म्हणजे चूक आहेच, तू फक्त लपवतोस."
"लपवत नाही बाबा, दर सेकंदाला मोजून दुरुस्त करतो."
"आमच्याकडे असा जॉब रिजेक्ट झाला असता."

खरं सांगू? गिअर म्हणून मलाही ईक्यू६च आवडलं होतं. पण गेल्या वर्षी बाबांची बायपास झाली. जड उचलायला बंदी. आणि पेठच्या बाजूला अंधारात जायचं म्हटलं की सगळ्यात आधी स्वेटर घालून तेच तयार! सतरा किलोंचं धूड आणलं असतं तर ते नुसते बाजूला उभे राहिले असते. ते त्यांना जमत नाही.

एएम५ घेतलं. पावसाळ्याचे चार महिने कपाटात गेले, ऑक्टोबरमध्ये निघालो. पेटी बाबांनीच गाडीतून काढली. आपल्याकडे ध्रुवतारा क्षितिजापासून जेमतेम वीस अंशांवर. तो एका झाडामागे होता, तर ट्रायपॉड कुठे हलवायचा तेही त्यांनीच ठरवलं.

पाच मिनिटांचा पहिला फोटो स्क्रीनवर आला. बाबांनी चष्मा वर करून कोपऱ्यातले तारे तपासले. चारही कोपरे.

"गोल आहेत," म्हणाले. "पास."

असो. डोळ्यावर झोप आहे. बाकी पुढच्या शनिवारी.