दुसऱ्याच्या खात्यावरच्या धावा

रॉबर्ट कूव्हर यांच्या १९६८ सालच्या 'द युनिव्हर्सल बेसबॉल असोसिएशन' या कादंबरीचा नायक हिशेबनीस आहे. रात्री घरी येऊन तो फासे टाकतो आणि त्यांच्या दानावर बेसबॉलची एक अख्खी काल्पनिक लीग चालवतो. ही कादंबरी शिकवण्यापूर्वी खेळ तरी कळावा, म्हणून आम्ही अमेरिकेतील मित्राकडून 'स्ट्रॅट-ओ-मॅटिक'चा जुना संच मागवला. हॅल रिचमन यांनी १९६१ साली बाजारात आणलेल्या या खेळात प्रत्येक खऱ्या खेळाडूचे एक कार्ड असते. तीनपैकी ठरलेल्या फाशावर १ ते ३ पडले तर फलंदाजाचे कार्ड पाहायचे, ४ ते ६ पडले तर पिचरचे. एक सहकारी, आम्ही, चार संघ आणि एक पावसाळा. एवढ्यावर आमची लीग उभी राहिली.

पिचरची पारख 'अर्न्ड रन अ‍ॅव्हरेज'वरून होते: क्षेत्ररक्षकांच्या चुकांमुळे गेलेल्या धावा वगळायच्या, उरलेल्यांना ९ ने गुणून त्याने टाकलेल्या डावांनी भागायचे. आकडा जितका लहान, तितका पिचर मोठा. आमच्या यादीत अव्वल आला एक रिलीफ पिचर, म्हणजे दुसरा दमल्यावर मदतीला येणारा: २० डाव, २ धावा, सरासरी ०.९०. आम्ही हरखलो. (संघ आमचाच होता, हे सांगायला हवे.)

सहकाऱ्याने मात्र जुने गुणतक्ते काढले. रिलीफ पिचर येतो तेव्हा बेसवर आधीच्याने ठेवलेले गडी उभे असतात. ते घरी पोचले, तर धावा जाणाऱ्याच्या खात्यावर पडतात, येणाऱ्याच्या नव्हे. आमच्या अव्वल वीराला असे १४ गडी मिळाले होते. त्यांपैकी ९ त्याने घरी जाऊ दिले. ज्याच्या नावावर ते पडले, तो यादीच्या तळाशी होता.

खऱ्या लीगमध्ये यादीला उंबरठा आहे: संघाच्या सामन्यामागे एक डाव, म्हणजे १६२. म्हणून २०१६ साली झॅक ब्रिटनची ०.५४ ही सरासरी ६७ डावांमुळे किताबाबाहेर राहिली. याउलट १९५२ साली हॉइट विल्हेल्मने केवळ रिलीफमध्ये १५९ डावांहून अधिक टाकले आणि २.४३ सरासरीने नॅशनल लीगचा किताब घेतला. पण असे विल्हेल्म किती? आम्ही उंबरठा लावून पाहिला, तर सगळेच रिलीफ पिचर नाहीसे झाले. काढला, तर पुन्हा वीस डावांचा राजा. शेवटी वहीत एक नवा रकाना आखला आणि अव्वल नावापुढे '१४ पैकी ९' लिहिले.

लिहिताना एक जुना तक्ता आठवला. काही वर्षांपूर्वी डिसेंबरात एका ज्येष्ठ सहकाऱ्यांची प्रकृती बिघडली आणि त्यांचा द्वितीय वर्षाचा वर्ग आमच्याकडे आला. अभ्यासक्रम अर्धा झाला होता. उरलेला आम्ही घाईघाईने उरकला. उन्हाळ्यात निकाल लागला, तेव्हा निम्मा वर्ग अनुत्तीर्ण होता. विभागाच्या तक्त्यात त्या वर्गापुढे नाव सरांचेच होते. तक्ता सहीसाठी आमच्यापुढे आला. आम्ही तो वाचला, सही केली आणि पुढे सरकवला.