शिरगणतीतला उंदीर

माझ्या बालपणीच्या अंकलिपीत जी जनावरे होती ती सारी अक्षरांच्या पदरी होती. हत्ती ‘ह’च्या चाकरीत, ससा ‘स’च्या, आणि आकड्यांच्या वाट्याला एक शेळीदेखील आलेली नव्हती. एकापासून शंभरापर्यंतचे अंक उभ्या ओळींत कवाईत करीत, आणि त्यांच्या पाठोपाठ पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी अशी पलटण येई, जिच्यातल्या औटकीने, म्हणजे साडेतीनच्या पाढ्याने, माझ्या कित्येक संध्याकाळी नासवल्या. रुपयाचे सोळा आणे होते तोवर त्या पाठांतराला काही प्रयोजन होते. १९५७ साली नवे पैसे आले आणि माझी ती विद्या ऐन उमेदीत पेन्शनीत निघाली.

जनावरांची आणि आकड्यांची गाठ पडली ती पुढे, तालुक्याच्या कचेरीत, १९६१ च्या पशुगणनेचे तक्ते माझ्या मेजावर येऊन पडले तेव्हा. १९१९ पासून चालत आलेला हा सरकारी शिरस्ता. त्यात बैल, म्हशी, मेंढ्या आपापल्या रकान्यांत निमूट बसत. कोणी कराच्या धास्तीने म्हैस दडवी, आणि एका गावचा कळप चरावयास दुसऱ्या गावच्या रानात गेला की तो दोन्ही दप्तरी दाखल होई. अशा दुबार नोंदी हुडकून खोडण्यात माझी नजर तयार झाली. मात्र त्या तक्त्यांतल्या एकाही म्हशीचे तोंड मी पाहिले नाही.

नातीसाठी मुलाने एरिक कार्ल या चित्रकाराचे १९६८ सालचे पुस्तक आणले, ते मी म्हणूनच काहीशा संशयाने उघडले. मजकूर नाहीच म्हणा ना. प्राणिसंग्रहालयाकडे निघालेली आगगाडी. पहिल्या डब्यात एक हत्ती, दुसऱ्यात दोन पाणघोडे, तिसऱ्यात तीन जिराफ, असे करीत दहाव्यात दहा पक्षी. पाच अस्वलांच्या पानावर आधी अस्वले भेटतात आणि मग पाच भेटतो. आमच्या अंकलिपीत पाच आधीच येऊन बसलेला असे, आणि अस्वले कधी आलीच नाहीत. जुन्या सवयीने मी बेरीज केली: ५५.

ती नातीने नामंजूर केली. दरेक डब्यात कोठेतरी एक चिमुकला उंदीर दडलेला आहे, तो माझ्या तयार नजरेतून सुटला होता. आता तोच उंदीर डबे बदलीत हिंडत असेल तर बेरीज ५६. दहा निरनिराळे असतील तर ६५. नातीकडे कैफियत मागावी तर ती रोज निराळी मिळते. पूर्वीचा दाखला पाहावा, तर पशुगणनेच्या आमच्या तक्त्यांत उंदराला रकानाच नव्हता.