कुडोपीचा सडा : अनाम पूर्वजांची खूण

मालवणला येणारा प्रवासी होडीने सिंधुदुर्ग किल्ला पाहतो, तारकर्लीच्या वाळूत रमतो आणि परततो. याच तालुक्यात, किनाऱ्यापासून आत, कुडोपी गावच्या सड्यावर कोकणचा याहून कितीतरी जुना इतिहास उघड्यावर पहुडला आहे, याची वार्ता फार थोड्यांना असते.

सडा म्हणजे जांभ्या दगडाचे विस्तीर्ण पठार. येथील कातळात मानवाकृती, मासे आणि अर्थ न उलगडलेल्या भौमितिक आकृती कोरलेल्या आहेत. भर दुपारी त्या चटकन दिसत नाहीत. सकाळच्या तिरप्या उन्हात मात्र रेषांत सावली भरते आणि एकेक आकृती स्पष्ट होऊ लागते. अभ्यासक सतीश लळीत यांनी ही कातळशिल्पे जाणकारांपुढे आणली. २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य वारसायादीत कोकण व गोव्यातील नऊ कातळशिल्पस्थळे समाविष्ट झाली. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील त्यांपैकी हे एकमेव.

ती पाहताना मला प्रशांत महासागरातील ईस्टर बेटाचे स्मरण झाले. चिलीच्या किनाऱ्यापासून सुमारे ३,५०० किलोमीटर दूर असलेल्या त्या बेटावर पॉलिनेशियन दर्यावर्दी होड्यांतून पोहोचले. त्यांनी 'मोआई' नावाचे प्रचंड पुतळे घडविले, कातळावरही चित्रे कोरली. १८६२-६३ मध्ये पेरूच्या गुलाम-व्यापाऱ्यांनी तेथील शेकडो माणसे पळवून नेली. त्यांत जुन्या रोंगोरोंगो लिपीचे जाणकारही गेले. ती लिपी आज कोणालाही वाचता येत नाही. तरीही त्या लोकांचे वंशज, त्यांची भाषा आणि पूर्वजांच्या कथा शिल्लक आहेत.

कुडोपीच्या शिल्पकारांचे तेवढेही उरलेले नाही. त्यांचे नाव नाही, भाषा नाही. त्यांच्या काळाविषयीही अभ्यासकांत एकमत नाही. उरला तो केवळ कातळ. आणि कोकणात याच जांभ्याचे चिरे काढून घरे बांधली जातात. चिरेखाणीवर अनेकांची चूल पेटते, हे नाकारता येणार नाही. परंतु कोरलेला कातळ एकदा फुटला की तो पुन्हा घडविता येत नाही. बँकेच्या हिशेबात आयुष्य गेलेल्या मला एवढे कळते, की व्याज खर्चावे, मुद्दल मोडू नये.

मालवणला जाल तेव्हा एक सकाळ कुडोपीसाठी अवश्य राखून ठेवावी. गावातील माहितगार सोबत घ्यावा, रेषांवर पाय देऊ नये, खडूने त्या गिरवू नयेत. "हे कोणी कोरले असेल?" असे नातवंडे विचारतील. हाच प्रश्न त्यांच्या नातवंडांनाही तेथे उभे राहून विचारता यावा, एवढे तरी आपल्या हाती आहे.