छायाचित्रासाठी सजताना

सहस्रचंद्रदर्शनानिमित्त कुटुंबाचे छायाचित्र काढायचे ठरले, की घरोघरी कपाटे उघडली जातात आणि आजी-आजोबांनी काय नेसावे, हे इतरच ठरवू लागतात. वाचकहो, आधी त्यांनाच विचारावे.

निवड त्यांची असली, तरी तयारी आपली. उतारवयात वजन घटते, खांदे आखडतात. म्हणून पोशाख आठवडाभर आधी घालून पाहावा. पक्षाघाताने हात अधू झाला असेल, तर बाही प्रथम त्याच हातात घालावी. उतरवताना मात्र तो हात शेवटी मोकळा करावा. निऱ्या पायात येणार नाहीत इतक्या वर खोचाव्यात. पादत्राणे सवयीचीच असावीत. बोटांना सूज असेल, तर घट्ट अंगठ्यांचा आग्रह नको. चष्मा वा श्रवणयंत्र काढायला लावू नये. तोच त्यांचा ओळखीचा चेहरा आहे.

मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांचे जेवण छायाचित्रासाठी लांबवू नये. साखर अचानक उतरू शकते. बराच वेळ बसल्यावर त्यांना सावकाश उठवावे, नाहीतर रक्तदाब उतरून तोल जातो.

माझ्याकडे उपचारासाठी येणाऱ्या एका आजींनी सुनेने काढलेली जड पैठणी बाजूला सारून विटलेले इरकल लुगडे मागितले. ते यजमानांनी आणलेले शेवटचे लुगडे होते. घरात कोणालाच हे ठाऊक नव्हते, कारण तोवर कोणी विचारलेच नव्हते.