उचलीचे व्यवस्थापन

शहापूर-मुरबाडकडची मुले व्यवस्थापनशास्त्र शिकू लागली की प्रेरणा, करार, कार्यक्षमता या पाठ्यपुस्तकी संज्ञा त्यांच्या जिभेवर चटकन् रुळतात. परंतु ज्या समाजात ती वाढली, तो मात्र वर्गाच्या उंबरठ्याबाहेरच तिष्ठत राहतो. त्याला आत आणणे हे मी माझ्या अध्यापनाचे मुख्य कार्य समजतो, आणि त्यासाठी वीटभट्टीइतके समर्पक उदाहरण मला आढळलेले नाही.

भातकापणी उरकून दिवाळी झाली की या तालुक्यांतील कित्येक कातकरवाड्या ओस पडतात. घरात दाणा नसताना घेतलेली उचल भट्टीवर विटा पाडून फेडावयाची, आठवड्यास पोटापुरती खर्ची घ्यावयाची, आणि अखेरचा हिशेब पावसाच्या तोंडावर मालकाच्या वहीत व्हावयाचा, असा हा रिवाज. ‘उचल घेतलेला मजूर मध्येच निघून गेला तर काय कराल?’ असे विचारताच विद्यार्थी तत्परतेने तजवीज सुचवितात: जामीन घ्यावा, मुकादम कडक नेमावा, हिशेब होईतो कोणास जाऊ देऊ नये. मी एवढेच विचारतो की, उचल घेतली त्या दिवशी त्या कुटुंबापुढे दुसरा कोणता मार्ग होता, आणि मालकाची ती वही वाचता कोणास येत होती?

सी. राइट मिल्स या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने १९५९ साली व्यक्तीची अडचण आणि समाजाचा प्रश्न यांत जो भेद केला, तो येथे आपोआप उलगडतो. एक इसम निघून गेला तर त्याच्या स्वभावाची चौकशी पुरते, पण दरसाल वाडीच्या वाडी त्याच वाटेने जात असेल तर रचनेचीच चौकशी करावी लागते. त्यानंतर मी १९७६ चा वेठबिगारी निर्मूलनाचा कायदा वाचावयास देतो. उचलीपोटी माणसाचे कोठेही जाण्याचे वा अन्यत्र काम करण्याचे स्वातंत्र्य हिरावणे हा गुन्हा आहे, हे वाचताच आपण सुचविलेल्या उपायांकडे मुले निराळ्या दृष्टीने पाहू लागतात.

‘मग धंदा चालावयाचा कसा?’ हा प्रश्न रास्त आहे, आणि समाजशास्त्र व्यवस्थापकास निर्णयातून सूट देत नाही. मात्र पहाऱ्याचा खर्च मांडणारा विद्यार्थी आता पावसाळ्यातील धान्याची सोय, मजुराच्या हाती राहणारी हिशेबाची प्रत आणि वेळच्या वेळी रोख मजुरी यांचाही खर्च मांडतो. माझ्या मते व्यवस्थापनाचे शिक्षण तेथून सुरू होते.